वाघदेवाची सावली : दादरा-नगरहवेलीतील वृक्षपूजा आणि वनधर्म

सह्याद्रीच्या उत्तर टोकाच्या टेकड्या जेथे उतरत उतरत सागरकिनाऱ्याकडे येतात, तेथे दमणगंगेच्या खोऱ्यात दादरा-नगरहवेली हा चिमुकला प्रदेश वसलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर. एका अंगास गुजरातचा वलसाड जिल्हा, दुसऱ्या अंगास महाराष्ट्राचा पालघर जिल्हा, आणि मध्यभागी सिल्वासा, म्हणजे स्थानिकांच्या तोंडचे सेलवास, हे त्याचे मुख्य ठाणे. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, दुबळा आदी जमाती येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या. २०११ च्या जनगणनेतही येथील निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. राज्ये बदलली, निशाणे बदलली, कारभाराची भाषा बदलली. परंतु या लोकांच्या धर्मजीवनाचे मूळ जेथे रुजले होते ते स्थान फारसे हलले नाही. ते स्थान म्हणजे झाड.

सेलवासहून खानवेलकडे आणि तेथून पुढे दुधनी-मांदोनीच्या बाजूस जाणाऱ्या वाटेवर, पाड्याच्या शिवेवर एखादा जुना वृक्ष उभा असतो. त्याच्या बुंध्याशी जमिनीत रोवलेली लाकडाची फळी दिसते. तिच्यावर वर सूर्य आणि चंद्र, खाली वाघ, क्वचित नाग कोरलेला असतो. त्यावर शेंदराचे थर चढलेले असतात. हाच वाघदेव. त्याला गाभारा नाही, कळस नाही, नित्याचा पुजारी नाही. झाडाची सावली हेच त्याचे छप्पर. ज्यांनी भव्य देवालये पाहिली आहेत त्यांना हे देवस्थान दरिद्री वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या काळी मानवाने देवासाठी घर बांधण्यास आरंभही केलेला नव्हता, त्या काळची उपासना कशी असेल याची कल्पना येथे उभे राहिल्यावर जितकी येते तितकी ग्रंथ वाचून येत नाही.

आश्विन वद्य द्वादशीस या देवाचा मुख्य दिवस, वाघबारस, साजरा होतो. ही तिथी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच दिवशी महाराष्ट्रातील गावोगावी वसुबारस असते आणि सुवासिनी सवत्स धेनूची पूजा करतात. एकाच तिथीस शेतकरी गाईला पूजतो आणि रानातला माणूस वाघाला. वरवर पाहता हा विरोध आहे. किंचित खोल गेले की दोहोंचा हेतू एकच असल्याचे कळून येते. गुरे सुखरूप राहावीत म्हणून एकाने गाईला ओवाळले, दुसऱ्याने गाईवर झडप घालणाऱ्याला संतुष्ट केले. गुराखी पोरे दारोदार धान्य मागतात, गाव शिवेवर जमतो, कोंबड्याचा वा बोकडाचा बळी पडतो, मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडली जाते आणि मग सर्वांचे सहभोजन होते. या मुलखातील रानांतून पट्टेरी वाघाचा रहिवास केव्हाच संपला. उरला तो बिबट्या. तरीही वाघदेवाची फळी झिजली की नवी रोवली जाते. यावरून असे दिसते, की हा देव केवळ श्वापदाच्या भयातून जन्मला असला तरी केवळ भयावर जगलेला नाही. गावाची वस्ती आणि रान यांच्यामधील मर्यादा राखणारा तो सीमारक्षक झाला आहे.

वारली जमातीचे संपूर्ण वर्ष अशाच मर्यादांनी आखलेले आहे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर रानात कोवळे कोंब फुटतात. परंतु कवळी भाजीचा सण होऊन देवांना त्यांचा वाटा पोहोचेपर्यंत ते खावयाचे नाहीत. शेतात भात पिकते. परंतु कणसरीला, म्हणजे धान्यदेवतेला, नवे अर्पण केल्याविना ते घरात शिजवावयाचे नाही. धरतरी ही भूमी, गावतरी ही गाय आणि कणसरी ही कणसातली लक्ष्मी. या तिघींच्या ऋणात माणूस जन्मतो, अशी ही श्रद्धा आहे. घांगळीच्या तारेवर कणसरीची कथा रात्रभर गायिली जाते, आणि पीक पिकू लागल्यापासून वाळलेल्या भोपळ्याचा, बांबूचा व ताडाच्या पानांचा तारपा घुमू लागतो. भगत तांदळाचे दाणे मांडून देवाचा कौल सांगतो. घरातला हिरवा देव मोरपिसांच्या जुडीच्या रूपाने पूजेस असतो. यात कोठेही पोथी नाही. परंतु नियम नाहीत असे मात्र नव्हे. देवाचा वाटा निघेपर्यंत हात आवरून धरावयाचा, हा नियम कोवळ्या कोंबाला वाढण्यास अवधी देतो आणि एकाने घाई करून सर्वांच्या रानावर डल्ला मारू नये याची तजवीजही करतो.

विवाहविधीत तर वनस्पतीचे हे देवपण अधिकच उघड होते. लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात आणि त्याच्या मध्यभागी पालघट देवीची आकृती येते. ती सृजनाची, हिरवाईची, गर्भाची देवता. तिच्या भोवती झाडे, पाखरे, माणसे यांची दाटी असते. चौक पुरा झाला की धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गीतांनी देवांना पाचारण करते. जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून हीच चित्रकला कागदावर आणि कापडावर उतरली, जगभर पोहोचली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु कलादालनात टांगलेल्या चित्राचे आणि लग्नचौकाचे प्रयोजन एक नव्हे. चौकात देवी आल्याविना लग्न लागत नाही. चित्र शोभेसाठी नसून देवीच्या आगमनासाठी असते.

आता प्रश्न असा उभा राहतो, की या वनधर्माचे आणि ग्रंथोक्त धर्माचे नाते कोणते? पुष्कळदा असे समजले जाते, की एक अडाणी माणसाचा, दुसरा पंडिताचा. एक मागे पडलेला, दुसरा पुढे गेलेला. इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. मोहेंजोदडो येथील एका प्रसिद्ध मुद्रेवर पिंपळाच्या कमानीत उभी असलेली देवता आणि तिच्यापुढे नतमस्तक झालेला उपासक कोरलेला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील भारहुतच्या स्तूपावर वृक्षाला बिलगलेल्या यक्षी आढळतात. गौतमाला बोध झाला तो अश्वत्थाखाली. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व वृक्षांत आपले रूप म्हणून सांगितले तोही अश्वत्थच. ज्येष्ठ पौर्णिमेस सुवासिनी वडाला सूत गुंडाळतात आणि सावित्रीचे स्मरण करतात; परंतु महाभारताच्या वनपर्वातील सावित्रीच्या आख्यानात वटपूजेचा हा विधी नाही. वडाची पूजा स्वतंत्र होती आणि पतिव्रतेची कथा तिला मागाहून येऊन मिळाली, असा तर्क त्यावरून करता येतो. औदुंबराखाली दत्तात्रेयाचा वास, आळंदीस ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी अजानवृक्ष, दसऱ्यास आपटा, अंगणात तुळस, लग्नमांडवाला आंब्या-जांभळाचे डहाळे आणि कुळाकुळांचे देवक म्हणून कळंब वा पंचपल्लव. एवढी यादी पाहिली की मराठी माणसाच्या धर्मात वृक्ष बाहेरून आलेला पाहुणा नसून घरातला वडीलधारा आहे, हे मान्य करावे लागते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातील ग्रामदेवतांची स्थाने पायी हिंडून तपासली आणि लोकांच्या देवता पुराणांतील दैवतांशी विवाहाने, नात्याने वा नामांतराने कशा जोडल्या गेल्या हे दाखविले. देवता नाव बदलते. तिची जागा बदलत नाही.

सत्ताधाऱ्यांनी या लोकाचाराकडे कोणत्या दृष्टीने पाहिले याचा सर्वांत जुना पुरावा याच उत्तर कोकणात सापडावा, हा एक विलक्षण योग आहे. वसईनजीकच्या सोपारा येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली तेथूनच जवळ भुईगाव येथे नवव्या शासनाचा तुकडा मिळाला. या नवव्या शासनाचा विषय लोकांचे मंगलविधी हाच आहे. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक, विशेषतः स्त्रिया, नाना प्रकारचे विधी करतात. ते करावयास हरकत नाही, परंतु त्यांचे फळ अल्प आहे, आणि खरे मंगल म्हणजे धर्माचे आचरण, असे सम्राट सांगतो. उपदेश कठोर आहे, पण त्यात बंदी नाही. विधी मोडावयास राजाने शिपाई धाडले नाहीत. उलट आपल्या एका स्तंभशासनात निष्कारण वने जाळू नयेत अशी त्याची आज्ञा आहे.

युरोपात घडले ते निराळे. तेथे अशा उपासकांना ‘पेगन’ हे नाव मिळाले. लॅटिन भाषेत त्याचा मूळ अर्थ खेड्याच्या टापूत राहणारा, म्हणजे आपल्या बोलीत गावठी, एवढाच होता. ख्रिस्ती धर्म नगरांत आधी पसरला आणि जुने देव खेड्यांत उरले, तेव्हा त्या शब्दाला मूर्तिपूजक हा अर्थ चिकटला. सम्राट थिओडोसियसने इसवी सन ३९२ मध्ये केलेल्या कायद्यात, वृक्षाला फिती बांधून पूजा करणे हा दंडनीय अपराध ठरविला. आजही ज्येष्ठात वडाला सूत गुंडाळणाऱ्या स्त्रीला ही हकीकत ऐकून नवल वाटेल. सुमारे ७२३ साली संत बोनिफेस याने जर्मनीतील गाइस्मार येथे मेघगर्जनेच्या देवाचा ओक वृक्ष तोडला. मात्र पोप ग्रेगरी याने ६०१ साली इंग्लंडमधील धर्मप्रसारकांना निराळाच सल्ला दिला होता. देवळे पाडू नका, मूर्ती काढून ती शुद्ध करून घ्या, आणि उत्सवाच्या दिवशी लोकांना झाडांच्या फांद्यांचे मांडव घालून भोजन करू द्या, असे त्याने कळविले. अर्थात मोडणे आणि सामावून घेणे या दोन्ही वाटा तेथेही ठाऊक होत्या.

सेलवासच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा दाखला पोर्तुगालचाच आहे. आजच्या उत्तर पोर्तुगालातील ब्रागा येथील बिशप मार्टिन याने सहाव्या शतकात खेडुतांच्या सुधारणेविषयी एक प्रवचन लिहिले. दगडांपाशी, झाडांपाशी, झऱ्यांपाशी आणि चौरस्त्यांवर दिवे लावणाऱ्या शेतकऱ्यांना त्यात त्याने खडसावले आहे. ज्या देशातून हजारो मैल दूर येऊन अधिकाऱ्यांनी नगरहवेलीवर अंमल बसविला, त्याच देशातील शेतकऱ्यांचे पूर्वज एके काळी वारल्यांप्रमाणेच झाडाखाली दिवा लावीत होते.

गोव्यात पोर्तुगीज सत्तेने सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीतील देवळे पाडली. १५६० साली तेथे धर्मन्यायपीठ स्थापन झाले. मध्यंतरी थोड्या वर्षांचा खंड वगळता ते १८१२ पर्यंत टिकले. १७३६ च्या आज्ञापत्राने तर घरी-अंगणी तुळस लावण्यावरही बंदी घातली. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या नव्या काबिजादी मिळाल्या, तेथे प्रजेच्या धर्माचारास हात लावावयाचा नाही असे धोरण ठरले. म्हणूनच सत्तरी तालुक्यात बांबर येथील निरंकाराची राई यांसारख्या देवराया आजवर दिसतात. नगरहवेलीचा काळ याच दुसऱ्या पर्वात मोडतो. हा मुलूख पूर्वी रामनगरच्या राज्याचा. १६७२ साली शिवाजी महाराजांच्या सैन्याने जव्हार आणि रामनगर जिंकले. पुढे १७७२ मध्ये मराठी आरमाराने ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाचे जे नुकसान केले, त्याच्या भरपाईपोटी पेशव्यांनी १७७९ च्या तहान्वये नगरहवेलीच्या गावांचा महसूल पोर्तुगीजांस लावून दिला. ताबा मिळाला तो १७८३ साली. दादरा १७८५ साली आले. धर्मच्छळाचा वणवा विझत आलेला असताना हा प्रदेश त्या सत्तेखाली गेला, आणि सत्तेचे लक्ष येथे आत्म्यांपेक्षा सागाकडे व साऱ्याकडे अधिक होते. वाघदेव वाचला त्यात या कालगणनेचा वाटा मोठा आहे.

देव वाचला, परंतु त्याच्या भक्ताची स्थिती काय होती हे विसरता येत नाही. उत्तम जमीन सवलतदारांच्या आणि सावकारांच्या हाती गेली, आणि रानातला माणूस स्वतःच्याच रानात मजूर झाला. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सेलवास मुक्त झाले. पुढे सात वर्षे पंचायतीच्या कारभाराखाली राहून ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात सामील झाला. १९७१ च्या जमीनसुधारणा विनियमाने अल्वारा, तेरम इत्यादी जुने हक्क रद्द करण्याची तरतूद केली. २६ जानेवारी २०२० पासून दमण आणि दीव यांच्यासह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला.

या अवधीत विद्वानांनीही वनधर्माचा पुष्कळ विचार केला. एडवर्ड टायलर याने १८७१ साली मांडलेल्या मताप्रमाणे अशा चाली म्हणजे जुन्या काळाचे उरलेले अवशेष होत. जॉन विल्सन यांनी १८४३ साली वारली आणि काथोडी यांच्याविषयी लिहिले, के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ १९४५ साली निघाला. जनगणनेच्या कागदोपत्री हे लोक कधी ‘जडप्राणवादी’ ठरले, कधी निराळ्या जमातधर्माचे, तर गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली त्यांना मागासलेले हिंदू म्हटले. नावे अनेक ठेवली गेली. परंतु ज्यांना ती ठेवली त्यांना कोणी फारसे विचारले नाही. ‘अवशेष’ हा शब्द तर येथे मुळीच लागू पडत नाही. अवशेष तो, ज्याचे प्रयोजन सरले आणि आकार तेवढा उरला. वाघबारशीला शिवेवर जमणारा पाडा जुन्या काळाची आठवण साजरी करीत नाही. तो येत्या वर्षाची सोय लावतो.

या प्रयोजनाचे एक अंग शास्त्रज्ञांनीही ओळखले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा भोवतालचे डोंगर उजाड झाले असताना देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यांत जुने वृक्ष, प्रचंड वेली आणि पाण्याचे झरे टिकून असल्याचे दिसून आले. जेथे वाळकी काटकीही उचलावयाची नाही, तेथे वनरक्षकाविना वन राहिले. मात्र या लाभाचा उपयोग करून श्रद्धेचे समर्थन करू गेल्यास भक्ताचा मूळ भाव हातून निसटतो. वारली माणूस झाड राखतो ते पाऊस पडावा असा हिशोब मांडून नव्हे. तेथे देव आहे म्हणून राखतो.

आज या देवापुढे जे संकट आहे ते परधर्माचे नाही. सेलवासच्या आसपास कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, मधुबन धरणाच्या जलाशयाखाली शेते आणि वाड्या गेल्या, रस्ते रुंद झाले. देवळाला भिंती असतात, दप्तरी नोंद असते, विश्वस्त असतात. ते हलवावयाचे तर चर्चा होते, भरपाई ठरते. झाडाखालच्या देवाला कागद नसतो. रस्त्यात आलेले एक झाड एवढीच त्याची गणती होते. याच्या जोडीला दुसरे संकट भक्तीच्याच वाटेने येते. देवाला ऊन लागू नये या सद्भावनेने कोणी दाता सिमेंटचे छप्पर बांधून देतो, फरशी घालतो, आणि त्यासाठी आड येणारी फांदी, प्रसंगी वृक्षही, तोडला जातो. ज्या झाडामुळे ती जागा पवित्र झाली त्याचीच जागा देवळाला द्यावी लागते. या उपकारात द्वेषाचा लवलेश नसतो, आणि म्हणूनच त्यास विरोध करणे पाड्यावरील वृद्धांना जड जाते.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. ओडिशातील नियमगिरी पर्वतावर डोंगरिया कोंध जमातीचा नियमराजा वास करतो. तेथील खाणीच्या वादात १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, जमातीच्या धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. ज्या देवाला भिंत नाही, ज्याचे मंदिर म्हणजे अखंड डोंगर, त्याच्या भक्तांचे म्हणणे न्यायासनापुढे ग्राह्य धरले गेले. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही सामूहिक हक्कांची वाट खुली केलेली आहे. त्या वाटेने जावयाचे तर प्रथम गावोगावच्या देवस्थानांची, त्यांच्या वृक्षांची आणि त्यांच्याशी निगडित आचारांची नोंद व्हावयास हवी. आणि ती भगतांच्या व धवलेरींच्या तोंडून, त्यांच्याच बोलीत, व्हावयास हवी.

या कामी मठ-मंदिरांचा संबंध दूरचा नाही. औदुंबर, पिंपळ वा बेल ज्याच्या प्राकारात नाही असा मठ महाराष्ट्रात सहसा आढळत नाही. त्या वृक्षांना पार बांधलेले असतात, त्यांच्या प्रदक्षिणा होतात, आणि त्यांच्यावर कुऱ्हाड चालविण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तीच मर्यादा खानवेलच्या वाटेवरील वाघदेवाच्या झाडाला लाभावी, एवढेच मागणे आहे. आश्विन वद्य द्वादशीस पाड्यावरील पोरे धान्य गोळा करीत शिवेकडे निघतील, तेव्हा त्यांना तेथे केवळ फळी नव्हे, तर तिच्यावर सावली धरणारा वृक्षही उभा दिसावा.